पंचवटी घाटावरून ग्रीस

जबलपूरच्या मराठी माणसाला पुण्याचे नातेवाईक फोन करतात ते आपण कुठे जाऊन आलो हे सांगायला. यंदा माझी मावसबहीण ग्रीसची बेटं करून आली. तीही पोहण्याचे तलाव नि नाटकगृहं असलेल्या अगडबंब बोटीतून नव्हे, 'छोट्या जहाजातून'. छोटं जहाज म्हणजे पैसे जास्त आणि माणसं कमी. मोठ्या बोटींना लहान बेटांच्या बंदरात शिरता येत नाही, यांना येतं. शिवाय सोबत पुरातत्त्वाचे एक प्राध्यापक. सकाळी भग्न देऊळ, दुपारी भग्न नाट्यगृह, संध्याकाळी चीज.

"तुमच्याकडे असं काही नसेल ना रे दादा?" तिने विचारलं. आवाजात खरीखुरी कणव होती.

मी जबलपूरच्या गढ्यात राहतो. राजा संग्रामशाहाच्या 52 गढांची ही राजधानी. इथे भग्न भिंत दिसली की आम्ही प्राध्यापक बोलावत नाही, तिच्यावर गोधड्या वाळत घालतो. तरी घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. दिवाळीत बहीण आणि जावईबापू अशी दोघं आली, तेव्हा मी आमचं क्रूझ काढलं. पहिला टप्पा ऑटोरिक्षाने. खानपान: तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि खोव्याची जिलबी. जावईबापूंनी जिलबीचा रंग बघून ती जळली आहे का विचारलं. मग बोलले नाहीत, कारण तोंड रिकामं नव्हतं.

भेडाघाटच्या वाटेत तेवर लागतं, म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. प्राध्यापक नसल्याने व्याख्यान मीच दिलं. 1939चं काँग्रेस अधिवेशन इथलं. निवडून आलेले अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. आणि मिरवणुकीला हत्ती 52. पुढे आमच्या गढ्यातल्या मेडिकल कॉलेजला नेताजींचंच नाव दिलं. जबलपूर उपचार करतं, जरा सावकाश करतं इतकंच.

भेडाघाटला आधी टेकडी चढून चौसष्ट योगिनी. गोल आवार, वर आभाळ, भोवती ओवऱ्यांत दगडी बायका: कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही. बहिणीने मोजायला सुरुवात केली आणि चौसष्टच्या पुढे गेल्यावर थबकली. जागा 81 आहेत. नाव चौसष्टचं आणि हजेरी एक्याऐंशीची, असं आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत नेहमीच होतं. ती म्हणाली, डेलॉस बेटावरही असेच मोडके पुतळे आहेत, आणि तिथे पूर्वी कुणी जन्मायचं नाही, मरायचं नाही असा नियम होता. आसन्नमरण माणसाला आणि दिवस भरलेल्या बाईला शेजारच्या बेटावर पाठवत. मी म्हटलं, आमच्याकडे नर्मदेच्या काठी मरण यावं म्हणून लोक लांबून येतात. या एका बाबतीत तरी पाहुण्याला परत पाठवायची आमची रीत नाही.

मग पंचवटी घाट, आणि जहाज. वल्ह्यांचं. दोन्ही बाजूंना शंभर फुटी संगमरवरी कडे, मधे हिरवं पाणी. बेटं नव्हती, पण दगड होते, आणि नावाड्याला प्रत्येक दगडात काहीतरी दिसत होतं: हत्तीचा पाय, मोटारगाडी, साधू. भेडाघाटचा नावाडी साधं बोलत नाही, यमकात बोलतो. कड्याचं वर्णन, बायकोची तक्रार, सरकारची खरडपट्टी आणि बक्षिशीची आठवण, सगळं एका तुकबंदीत. हे ग्रीसच्या प्राध्यापकांना साधलं असतं का, असं मी विचारलं. जावईबापू म्हणाले, "त्यांना आम्ही झोपेत ऐकलं."

नावाड्याने राज कपूरचा दगडही दाखवला. 'जिस देश में गंगा बहती है'चं चित्रीकरण इथलं. पुढे 2016 साली 'मोहेंजो दारो'मध्ये हृतिक रोशन मगरीशी झुंजला तोही इथेच. म्हणजे पडद्यावर नाव गंगेचं नाहीतर सिंधूचं, आणि भिजायला नर्मदा. तिच्याइतकी सोशिक डमी हिंदी सिनेमाला दुसरी मिळालेली नाही.

आता माझा हुकमाचा पत्ता. "तू ग्रीकांकडे गेलीस," मी म्हटलं, "पण ग्रीक आधी आमच्या नदीकडे आले होते." पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात नर्मदेच्या मुखावरचं बारुगाझा, म्हणजे भडोच, सविस्तर आहे. भरतीचा लोंढा असा की परकी जहाजं गाळात रुतायची, उलटायची; म्हणून राजाचे नावाडी पुढे जाऊन त्यांना ओढून आणत. ग्रीक आणत इटलीची दारू आणि राजासाठी गाणारी मुलं. नेत ते गोमेद, मलमल, पिंपळी. तिथून वीस दिवसांवर पैठण नि आणखी दहा दिवसांवर तेर, हेही त्यात लिहिलंय. वर जबलपूरकडे ते आले नाहीत याचं माझ्या मते एकच कारण: वाटेत आमचे नावाडी भेटले असते आणि जहाज तिथेच विकावं लागलं असतं.

बहीण गप्प झाली. जावईबापूंनी आपला हिशेब केला: तिकडे एका माणसाच्या एका दिवसाच्या खर्चात इकडे अख्खं खानदान वर्षभर फिरेल. पुणेकराच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

येणार असाल तर पावसाळा टाळा, तेव्हा नौका बंद असतात. कडे चांदण्यात बघायचे तर पौर्णिमा हवी, पण शरद पौर्णिमेला नर्मदा महोत्सवाची झुंबड असते. त्यानंतरची पौर्णिमाही जत्रेची, म्हणून मार्गशीर्षातली गाठा. आणि नावेचा भाव करताना आपसात मराठीत कुजबुजू नका. नावाड्यांना ती समजते.