पुढचं चित्र दाखवा

लाल वर्तुळ काढलं की कुठल्याही ठिपक्याची उडती तबकडी होते. सूर्याजवळ ‘महाकाय यान’ दिसल्याची चित्रफीत अधूनमधून मोबाइलवर येऊन थडकते आणि घरोघरी वाद रंगतो. चित्र बऱ्याचदा ‘सोहो’चं असतं. नासा आणि युरोपीय अवकाश संस्थेची ही वेधशाळा डिसेंबर १९९५मध्ये सुटली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून ती सूर्यावर नजर ठेवून आहे आणि तिची चित्रं कुणीही, कधीही उघडून पाहू शकतो. तरी आरोप काय, तर नासा लपवतंय! ज्याला लपवायचंय तो असा चव्हाट्यावर माल मांडून बसत नाही.

ती तबकडी एकदा नीट बघा. निळ्या चित्राच्या मधोमध चकती असते, सूर्याचा झगमगाट झाकायला मुद्दाम बसवलेली. चकतीवरचं पांढरं वर्तुळ सूर्याचा आकार दाखवतं. बाजूला एक झळाळता गोळा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी निघालेली धारदार आडवी रेघ. दिसते खरी तबकडी, पण असतो तो शुक्र, बुध किंवा गुरू. कॅमेऱ्याच्या चिपवरचा प्रत्येक पिक्सेल ठरावीक प्रकाशच पेलतो. त्याहून जास्त पडला की विद्युतभार शेजारच्या पिक्सेलांत सांडतो, आणि सांडायला चिपमध्ये वाट एकाच रेषेत असते. म्हणून ग्रह कुठेही असो, रेघ आडवीच. खरं यान एकदा तरी तिरकं झालं असतं.

उरलेल्या ‘यानां’चं उत्तर त्याहून सोपं आहे. विद्युतभारित कण चिपवर आदळला की पांढरा ओरखडा उमटतो. सौर वादळात तर ओरखड्यांनी सगळं चित्र भरून जातं. काही मिनिटांनंतरच्या चित्रात तो ओरखडा नसतो. त्यावर ‘यान प्रचंड वेगानं निघून गेलं’ म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं?

परग्रहावर जीव आहेत का, हा माणसानं विचारलेल्या सर्वांत मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे. म्हणूनच त्याचा असा तमाशा केला की संताप येतो.

शिवाय याच चित्रांत खरा खजिना सापडला आहे. सूर्याला खेटून जाणारे ५००० हून अधिक धूमकेतू सोहोच्या चित्रांत मिळाले, आणि त्यातले बहुतेक हौशी लोकांनी शोधले. २०१५मध्ये ३००० वा धूमकेतू हेरला तो थायलंडमधल्या एका हौशी निरीक्षकानं. या मंडळींनाही आधी पुसटसा ठिपकाच दिसतो. मग ते पुढचं चित्र उघडतात, त्याच्या पुढचं उघडतात, ठिपका एका मार्गानं सरकतोय का ते मोजतात, आणि सरकत नसेल तर मुकाट्यानं सोडून देतात. वाहिन्यांच्या चर्चेत हे पुढचं चित्र कधी दिसतं का? एकच चौकट फुगवून, गोठवून तासभर पडद्यावर ठेवायची आणि एकाही खगोलशास्त्रज्ञाला फोन करायचा नाही, हा निव्वळ कामचुकारपणा आहे.

फोन करायला लांब जायलाही नको. जानेवारी २०२४पासून आपलं ‘आदित्य-एल१’ हे यान सोहोच्याच परिसरातून सूर्य न्याहाळतंय आणि त्यावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेनं घडवली आहे. त्या चित्रांतही कणांचे ओरखडे येणारच. उद्या कुणी त्यांतलं एखादं लाल वर्तुळात अडकवून दाखवलं, तर त्याच्याकडे तारीख, वेळ आणि पुढचं चित्र मागा. मिळालं नाही तर चित्रफीत पुढे ढकलू नका.