चलो गुगामल!

मेळघाटात तंबू ठोकायचा, असं आमच्या मंडळींनी ठरवलं, त्याला आता तिसरा हिवाळा. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘चलो गुगामल’. पहिले पंधरा दिवस तिथे फक्त खाण्याचं नियोजन झालं. सावजी मसाला नागपुरातूनच न्यायचा की परतवाड्याला घ्यायचा? पोह्यांवरची तर्री थर्मासमध्ये टिकेल का? वाघाचा विषय निघाला, तोही मटणाच्या वासाला येईल का, एवढ्यापुरता.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणजे त्याचा गाभा. तिथे मनात येईल तिथे खुंट्या रोवता येत नाहीत, मुक्काम सेमाडोह नाहीतर कोलकासला, असं मी एकदा लिहिलं. लगेच उत्तर आलं, “काऊन बे, साहेब वळखीचे नाहीत का कोणी?”

तंबू मात्र आला. खोक्यावर ‘चार माणसांसाठी’ असं छापलेलं. ती चार माणसं नागपूरची नसावीत. गच्चीवर रंगीत तालीम झाली. स्लॅबमध्ये खुंटी जाईना, म्हणून एक दोरी पाण्याच्या टाकीला, दुसरी डिशच्या खांबाला. रात्री साडेअकराला शेजारचं कुत्रं भुंकलं आणि चौघेही जिन्यात.

आता म्हणे पेंचला जायचं. जवळ आहे, शिवाय २०२४ पासून ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क. काळोखात तारे बघू. सगळ्यांचे अंगठे वर. खाली एकाची शंका: “तिथं हॅलोजन मिळते ना भाड्यानं?”