प्रोसेसरचं वय काढण्याचा शास्त्रोक्त विधी

कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावर दिवा-वसई गाडीची वाट पाहणाऱ्याला एक विद्या फुकट शिकता येते. समोरून रखडत जाणाऱ्या मालगाडीच्या प्रत्येक वॅगनवर ११ आकडी क्रमांक असतो. त्यातला पाचवा आणि सहावा आकडा म्हणजे बांधणीचं साल. रेल्वेने वयाची लपवाछपवी केलेली नाही. जुना कॉम्प्युटर ‘नव्यासारखाच आहे’ या शब्दावर घ्यायला निघालेल्या गृहस्थाने मात्र एवढ्या सरळपणाची अपेक्षा ठेवू नये. प्रोसेसरवर जे साल चटकन नजरेत भरतं, ते त्याचं नसतंच. गोलातल्या ‘सी’पुढे छापलेलं ते स्वामित्वहक्काचं साल, आणि तेच पुढच्या वर्षीच्या मालावरही बिनदिक्कत छापलेलं असतं. खरी तारीख खालच्या, कुणी वाचत नाही अशा ओळीत दडलेली असते.

साहित्य: स्पिरिट, जुनं सुती फडकं, मोबाइलचा कॅमेरा. मशीन थोडा वेळ चालवून गरम करावं, बंद करून प्लग काढावा आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून उचलावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर हे थंडपणी केलं तर चिकटलेली पेस्ट प्रोसेसरला पिनांसकट उपटून आणते. मग वयाचा प्रश्नच निकालात निघतो. पेस्ट पुसल्यावर इंटेलच्या आय५-२४०० वर समजा ‘एल१२९’ने सुरू होणारी ओळ दिसली. एल म्हणजे मलेशिया, २९ म्हणजे आठवडा आणि मधला १ हा सालाचा शेवटचा आकडा. आता २००१, २०११ की २०२१? दशकाची जबाबदारी कंपनीने ग्राहकावर टाकली आहे. हे मॉडेल बाजारात आलं जानेवारी २०११ मध्ये, आणि दहा वर्षांनी ते कुणी बनवत बसलं नव्हतं. म्हणून जुलै २०११. एएमडी त्या मानाने उदार. रायझनवर १७३३ दिसलं की २०१७चा तेहतिसावा आठवडा, विषय संपला.

एवढं उघडण्यापेक्षा सीपीयू-झेड चालवावं, असं कुणी सुचवेल. ते मॉडेल सांगतं, स्टेपिंग सांगतं; आठवडा सांगत नाही, कारण तो चिपच्या पोटात नसून झाकणावर असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मलेशियात होते ती जोडणी आणि चाचणी, सिलिकॉनची चकती आधीच दुसरीकडे कोरलेली असते. मान्य. आठवडा बारशाचा आहे, जन्माचा नाही. पण खरेदीदाराला तेवढा पुरतो, कारण त्याआधी ही वस्तू कुणी वापरली असणं शक्य नाही. उलट बाजूने काहीच सिद्ध होत नाही. २०११ची चिप चार वर्षं गोदामात पडून राहिलेली असू शकते. म्हणून ‘फक्त दोन वर्षं वापरलाय’ या वाक्याला तारखेने धक्का लागत नाही, पण बिल २०१०चं दाखवलं तर ते बिल दुसऱ्याच मशीनचं. मूळ खोका मिळत असेल तर त्यावरचा बॅच क्रमांकही झाकणाशी ताडून पाहावा. जुळला नाही तर खोका आणि चिप यांची गाठ दुकानातच पडलेली आहे. सौदा ठरो वा मोडो, नव्या पेस्टची ट्यूब सोबत न्यावी; हीटसिंक परत बसवताना ती लागतेच, आणि ती विक्रेत्याकडे नसते.