बंडखोर म्हाताऱ्यांना ऐकण्याची शास्त्रोक्त पद्धत

पुण्यात सत्तरी ओलांडलेला माणूस स्टेजवर दिसला की आयोजकाचा हात आपोआप शाल-श्रीफळाकडे जातो. विद्रोही शाहिरांच्या जलशाला निघालेल्याने आधी या सवयीचा बंदोबस्त करावा आणि मग पत्ता नीट वाचावा. बिबवेवाडीत अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाचे महापालिकेचे सभागृह आहे, त्यामुळे शाहीर म्हटले की रिक्षा तिकडे वळणे साहजिक आहे. पण भाडे, अनामत आणि मोकळी तारीख यांचा मेळ बसेपर्यंत क्रांती पुढच्या आर्थिक वर्षात जाते. म्हणून अप्पर इंदिरानगरमधले एखादे समाजमंदिर किंवा पलीकडे मार्केटयार्डातले हमाल भवन धरून चालावे. पत्रिकेत सातची वेळ असेल तर साडेसातला पोचावे. तेव्हा एक जण हॅलोजनच्या दिव्यापुढे डफ धरून सावकाश फिरवत असतो. दमट हवेने चामडे सैल पडते, ते तापून ताणले की आवाज चढतो. मधूनच तो बोटाची टिचकी मारतो, मान हलवतो आणि पुन्हा डफ दिव्यापुढे धरतो. कार्यक्रम सुरू झाला नाही म्हणून कुरकुर करू नये. समई पेटवण्यापेक्षा या विधीला निदान कारण तरी आहे.

आता बसायचे कसे. मांडी घालून, डोळे मिटून, बोटांनी मात्रा मोजत बसणे हे सवाई गंधर्वला शोभते, इथे तो गुन्हा समजावा. शाहिरी ही एकट्याच्या गळ्याची कला नाही. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती ‘जी जी’ करत उचलतात, तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले ते कामगारांसमोर गाण्यासाठी, त्यामुळे समोरच्या गर्दीला दुसऱ्याच फेरीला उचलता येईल असे ध्रुपद लागे. बंडखोर पंक रॉकचाही हिशेब हाच: तिकडे न्यूयॉर्कात रामोन्स या टोळक्याने 1976 मध्ये पहिली तबकडी काढली. तीत 14 गाणी होती आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपत. ऐकणाऱ्या पोराला घरी जाऊन तेच वाजवता यावे इतकी ती सोपी होती. दोन्हीकडे गाण्याचा अर्धा वाटा समोरच्याच्या नावावर आहे. गाणाऱ्याचे वय वाढून दम कमी झाला, तर तो दम सभागृहाने पुरवायचा असतो. आदरापोटी गप्प बसलेला श्रोता शाहिराला एका संध्याकाळीत दहा वर्षांनी म्हातारा करतो.

म्हातारपणाने बंड निवते, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. वामनदादा कर्डक 2004 साली गेले, तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते आणि उतारवयापर्यंत गावोगाव गात हिंडले. विठ्ठल उमप 2010 च्या 26 नोव्हेंबरला नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. वय 79. इंग्लंडातल्या यूके सब्ज या पंक बँडचा गायक चार्ली हार्पर 1944 चा. पंकची लाट आली तेव्हाच तो तिशी पार केलेला होता आणि ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत लहान-लहान जागांत गातच राहिला. सरकारलाही हे कळते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या 2014 च्या चित्रपटात नारायण कांबळे हा वयस्कर लोकशाहीर वस्तीतल्या छोट्याशा मंचावर गात असताना पोलीस त्याला घेऊन जातात, का तर त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला असा आरोप आहे. आरोप हास्यास्पद आहेच, पण म्हाताऱ्याच्या आवाजात एवढी ताकद आहे यावर त्या कोर्टात सरकारी पक्षाचाच विश्वास सर्वांत दांडगा दिसतो.

यावर जाणकार दोन हरकती घेतील. पहिली ही की शाहिराला पंकच्या पंगतीला बसवणे चुकीचे आहे, कारण पंकवाल्यांना उद्या नकोच होता, शाहिराला तो लाल किंवा निळा असा ठरलेला हवा होता. हरकत रास्त आहे आणि अंशतः मान्य. शाहिरामागे पक्ष होता, युनियन होती, गाण्यात कार्यक्रमपत्रिका होती. इथे प्रश्न मात्र ऐकण्याच्या रीतीचा आहे आणि ती दोघांची एकच. दुसरी हरकत जास्त पुणेरी आहे: ज्यांच्याविरुद्ध गायचे त्यांच्याच सभागृहात, त्यांच्याच अनुदानावर कसले बंड? पण मोरारजी देसाईंच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी त्याचे लोकनाट्य केले आणि खेळ चालू ठेवला. आज त्यांचेच नाव सभागृहाच्या दारावर आहे, त्यात शरणागती कोणाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. सेक्स पिस्टल्सनी बड्या ईएमआय कंपनीचे पैसे घेतले होते आणि 1996 च्या पुनर्मीलन दौऱ्याला ‘गलिच्छ कमाई’ अशा अर्थाचे नाव स्वतःच दिले होते. अनुदान घेऊन महापालिकेवरच कवन रचणारा शाहीर त्या मानाने फारच सोज्वळ.

बाकी किरकोळ. साउंडवाल्याने आवाजात एको सोडला तर उठून बंद करायला लावावा, नाहीतर शोषणाचा निषेध देवीच्या जागरणासारखा ऐकू येतो. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याचे दोन्ही हात अडकतात, म्हणजे एक टाळी कमी. गुडघे साथ देत नसतील तर नाचू नये, उभे राहिले तरी चालेल. शाहीर ओळ विसरला तर कुजबुजून आठवण देऊ नये, मोठ्याने गावी. पुढच्या रांगेतला सोफा पाहुण्यांसाठी राखीव असतो आणि पाहुणे येत नाहीत, तेव्हा पहिल्या कवनानंतर तिथे बिनदिक्कत बसावे. शेवटी डफच उलटा करून फिरवतील. त्यात नोट टाकावी, सुटे परत मागू नयेत, आणि क्यूआर कोड कुठे आहे असे तर मुळीच विचारू नये.