सिलिंडर काढून मिळेल

हल्ली फोटो हातात आला की लोक आधी आपला चेहरा बघतात आणि लगेच, मागे कोण कडमडलंय ते. गणपतीपुळ्याच्या समुद्राकडे पाठ करून ऐटीत उभं राहावं, तर कणीस खाणारे एक काका नेमके खांद्यामागून डोकावतात. त्यांच्यावर बोट घासलं की काका गायब.

काकांच्या मागे काय होतं, हे फोनला कुठलं ठाऊक? तो शेजारपाजार बघतो आणि तसंच काहीतरी ठोकून देतो. 2010 साली फोटोशॉपमध्ये ‘कंटेंट-अवेअर फिल’ आलं, 2021 मध्ये गूगलनं आपल्या पिक्सेल फोनात ‘मॅजिक इरेजर’ घातला; कारभार दोन्हीकडे अंदाजपंचे दाहोदरसे. लाटांत, आभाळात ते खपून जातं. पण घरच्या ग्रुप फोटोतून रुसलेला जावई काढावा, तर त्याचा पंजा मेव्हण्याच्या खांद्यावर तसाच राहतो. तो कुणाचा म्हणून सांगायचा?

स्टॅलिनच्या माणसांचं काम जास्त सफाईचं होतं. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी त्याच्या शेजारी दिसणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह 1940 मध्ये गोळी घालून संपवला गेला, आणि फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. तेही संगणकाशिवाय. आपले स्टुडिओवाले त्या मानानं सज्जन. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून उपवर मुलीच्या गालावरचे व्रण तेवढे घालवायचे. बाकीचं पाहण्याच्या कार्यक्रमात कळायचंच.

आमच्या आत्याला नातवाच्या बारशाच्या फोटोतला, पाळण्याआडून दिसणारा लाल सिलिंडर खुपत होता. मी काढून दिला. तिथे फरशी आली. तिच्या रेघा जरा वाकड्या आल्या, पण पाळणा सोडून फरशी बघतंय कोण! आत्या खूश झाली आणि तिनं जुना अल्बम काढला. त्यात एका फोटोत मधोमध सिलिंडर. हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूचा हार. बऱ्याच वर्षांनी गॅसचा नंबर लागला म्हणून फोटोवाल्याला मुद्दाम बोलावलं होतं. एका बाजूला इस्त्रीच्या शर्टात काका, दुसऱ्या बाजूला आत्या, पण निम्मीच. फोटोवाल्यानं सिलिंडर मात्र पुरता घेतला होता.

“यात मला पूर्ण करता येईल का रे?”

म्हटलं, येईल, पण उरलेली आत्या फोन अंदाजानंच काढणार.

“काढू दे की,” ती म्हणाली, “जरा बारीक काढ म्हणावं.”