उलटा स्वस्तिक आणि चार क्रेडिट

"मामा, माझे चार क्रेडिट बुडणार," भाची म्हणाली आणि तिने जिलबीचा तुकडा परत ताटलीत ठेवला.

सकाळी नऊ वाजता इंदूरच्या छप्पन दुकानावर कोणी जिलबी परत ताटलीत ठेवली, की प्रकरण गंभीर समजावं. मी आधी खिशातलं पाकीट चाचपलं. मला वाटलं, क्रेडिट कार्डाची काही भानगड आहे. शिवाय मध्य प्रदेशात 'मामा' या हाकेला ओ देणं जोखमीचंच. इथे एक मामा बरीच वर्षं मुख्यमंत्री होते. तेव्हापासून भाच्यांनी हाक मारली की हप्ता मागणार, असंच मामांना वाटतं.

प्रकरण पैशांचं नव्हतं, परीक्षेचं होतं. पोरीने बारा आठवड्यांचा एनपीटेलचा ऑनलाइन कोर्स केला होता. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहिले, दर आठवड्याची असाइनमेंट वेळेवर टाकली. पंचवीसपैकी तेवीस गुण आधीच पदरात होते. उरलेले पंच्याहत्तर मात्र केंद्रावर जाऊन, तीन तास, पहाऱ्यात मिळवायचे. आणि पहारा म्हटला की ही गार. बोटं थंड, पोटात गोळा, आणि आदल्या रात्रीपर्यंत पाठ असलेलं सूत्र फाटकाबाहेर चपलांशेजारी राहून जातं.

"येतं सगळं, मामा. फक्त तिथे येत नाही."

आता क्रेडिट म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगतो. नव्या पिढीला विचारू नका, फॉर्म भरताना तीही सायबर कॅफेतल्या भियालाच विचारते. अभ्यासाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. १२० झाले की पदवी, १६० झाले की ऑनर्स. २०२१ मध्ये या क्रेडिटांची चक्क बँक निघाली, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने नवं शिक्षण धोरण कॉलेजांत आणलं, तेही पहिल्या बाकावर बसून. जमा केलेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतं. मधे कॉलेज सोडा, परत या, दुसरीकडे जा, खातं तुमचंच. सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय सरकारच्या 'स्वयं' मंचावरून ऑनलाइन करायलाही मुभा आहे. एनपीटेलचे कोर्स त्याच मंचावरचे.

म्हणजे वर्ग गेला, फळा गेला, हजेरी गेली, मास्तर मोबाइलात जाऊन बसले. राहिलं काय? परीक्षा. शिका घरबसल्या, भ्यायला मात्र प्रत्यक्ष या.

भाचीच्या या दुखण्यावर घरात औषधांची कमी नव्हती. आईने दही-साखरेची वाटी तयार ठेवली. आजीने अथर्वशीर्ष लावून दिलं. वडील म्हणाले, "घाबरायचं काय त्यात?" परीक्षेच्या भीतीवर आजवर सर्वांत जास्त वापरलेलं आणि एकदाही लागू न पडलेलं औषध ते हेच. भंवरकुआंच्या एका कोचिंगवाल्याने तर भीती घालवायला आणखी एक टेस्ट सिरीज सुचवली. फी वेगळी.

खरं तर भीतीचं शास्त्र उंदरांनी केव्हाच सांगून ठेवलंय. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे झटके देत योग्य दार ओळखायला शिकवलं. काम सोपं असेल तर झटका वाढवला की उंदीर लवकर शिकत. काम अवघड झालं की मोठ्या झटक्याने त्यांची शिकवणी उलट रखडे. थोडी धास्ती कामाला लावते, फार झाली की कामातून उठवते. माणसाच्या डोक्यात हिशेब करायला जी जरा जागा असते, तीच काळजी अडवून बसते. सूत्र विसरलेलं नसतं, त्याला बसायला पाट मिळत नाही इतकंच.

यावरचा एक उपाय २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. रामिरेझ आणि बायलॉक या दोघांनी मुलांना परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं आपली भीती कागदावर उतरवायला सांगितली. जी मुलं फार घाबरायची, त्यांचेच गुण त्यामुळे सुधारले. आपल्याकडे गणपतीच्या देवळात मूषकाच्या कानात सांगतात, तसलंच हे. फक्त आपल्या केंद्रांवर अडचण अशी, की फाटकावर कागद, पाकीट, पट्टा, घड्याळ सगळं काढून घेतात. मुलाने भीती लिहायची कुठे? तळहातावर लिहिली तर कॉपी केस.

काहींनी मात्र भीतीवर जालीम तोड काढली होती. परीक्षेला स्वतः जायचंच नाही. व्यापमं, म्हणजे आमचं व्यावसायिक परीक्षा मंडळ, आठवतंय ना? जुलै २०१३ मध्ये इंदूरच्या पोलिसांनी दुसऱ्याच्या नावाने मेडिकल प्रवेश परीक्षा द्यायला आलेल्यांना पकडलं आणि पुढे सगळी साखळी उलगडत गेली. त्यात 'इंजिन-बोगी' नावाची पद्धत होती. हुशार पोरगा इंजिन, त्याच्या मागचा पैसेवाला बोगी, आणि दोघांचे आसन क्रमांक जोडून लावायची जबाबदारी आतल्या माणसांची. दोन वर्षांनी प्रकरण सीबीआयकडे गेलं. मंडळाचं नाव तेव्हापासून दोनदा बदललं. परीक्षेची भीती कशी घालवावी हे मंडळाला कळलं नाही, स्वतःच्या नावाची भीती मात्र घालवता आली.

परीक्षा घेऊनच पदवी द्यायची, ही काही नव्या धोरणाची अक्कल नव्हे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठं निघाली, ती लंडनच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने नुसती परीक्षा घ्यायची. कलकत्त्याच्या १८५८ च्या पहिल्या बी.ए.ला दोघेच पास झाले. त्यांतले एक बंकिमचंद्र, आणि त्या दोघांनाही एका विषयात ग्रेस द्यावे लागले. मुंबईत १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चार पदवीधर झाले. 'वंदे मातरम्'च्या कवीला ग्रेस लागले हे आमच्या आईबापांना आधी कळलं असतं, तर आमची बालपणं जरा बरी गेली असती.

विद्यापीठाच्या नुसत्या परीक्षा घेण्याच्या या स्वभावाचा खरा फायदा कोणी उचलला असेल, तर आमच्या रामबागेतल्या काकूने.

मध्य प्रदेशात कॉलेजात न जाता परीक्षेला बसणाऱ्याला सरकारी कागदावर 'स्वाध्यायी' म्हणतात. नाव ऋषीचं, अवस्था सुनेची. काकूने सत्तरच्या दशकात असा प्रायव्हेट फॉर्म भरला. तेव्हा इथलं विद्यापीठ नुसतं इंदूर विश्वविद्यालय होतं, १९६४ मध्ये निघालेलं. अहिल्यादेवींचं नाव त्याला १९८८ मध्ये मिळालं. काकूचं हॉल तिकीट तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली असायचं. राज्यशास्त्राची गाइड पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभी. एक पोळी तव्यावर, एक पाटावर, आणि संसदेचे अधिकार तोंडात. पेपरच्या दिवशी "भाजी आणते" म्हणून निघायची आणि तीन तासांनी दोन जुड्या मेथी घेऊन परतायची. सासूबाईंनी विचारलं तर उत्तर ठरलेलं: मालवा मिलच्या मंडईत आज फार गर्दी होती.

दुसऱ्या वर्षी काकूचा एक पेपर गेला. तिने पुढच्या वर्षी तो परत दिला. निकाल 'नईदुनिया'त नुसत्या रोल नंबरांनी छापून यायचा. घरात सगळ्यांच्या हातातून पेपर फिरला, आणि त्या आकड्यांच्या गर्दीत आपली सूनबाई आहे हे कोणाच्या बापाला कळलं नाही. पदवी हातात आली तेव्हाच घरी सांगितलं. सासूबाई पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या, "तरीच मेथी एवढी खाल्ली."

मी काकूला एकदा विचारलं होतं, भीती नाही वाटली?

"कोणाची वाटणार? नापास झाले तर सांगायचं कोणाला? बसलेय हेच कोणाला माहीत नव्हतं."

अमेरिकेत १९६७ पासून अशीच एक सोय आहे. कॉलेज बोर्डाची क्लेप परीक्षा. ३४ विषय. कुठेही शिका, नका शिकू, केंद्रावर जा, पेपर द्या. २० ते ८० मध्ये गुण. ५० आले की पुष्कळ कॉलेजं क्रेडिट देतात आणि त्या विषयाची फी वाचते. खरी मेख पुढे आहे. गुण कॉलेजला पाठवायचे की नाही हे परीक्षा देणाऱ्याने ठरवायचं. कमी आले तर पाठवू नका, तीन महिने थांबा, परत बसा. न्यू जर्सीतला आमचा पुतण्या असे दोन विषय काढून मोकळा झाला. तिसरा गेला, तो कोणता हे त्याने अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. थोडक्यात, अमेरिकेने काकूचा तांदळाचा डबा उचलला, फक्त वर कॉम्प्युटर ठेवला.

आणि आपण? आपण डबा रस्त्यावर उघडून ठेवला. मुलगी परीक्षेला बसते तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर शुभेच्छा येतात. निकालाच्या दिवशी आत्या, मावश्या आणि माजी शेजारी यांचे फोन येतात. कोचिंगवाले पास झालेल्यांचे फोटो चौकात टांगतात. पेपर तीन तासांचा, प्रेक्षक तीन पिढ्यांचे. मग बोटं गार पडणार नाहीत तर काय?

वर डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा तर वर्षातून एकदाच. ४ मे २०२५ ला इंदुरात नीटच्या पेपरला वादळ आलं आणि काही केंद्रांवरची वीज गेली. डॉक्टर होऊ पाहणारी पोरं अंधारात गोल शोधून काळे करत होती. ती हायकोर्टात गेली. इंदूर खंडपीठाच्या एका न्यायमूर्तींनी त्यांची परीक्षा परत घ्या म्हटलं, दोन न्यायमूर्तींनी नको म्हटलं, सुप्रीम कोर्टानेही नकोच म्हटलं. वीस लाखांवर मुलांच्या परीक्षेत मूठभरांसाठी वेगळा पेपर काढणं सोपं नसेलही. पण एका दुपारच्या वादळाने वर्ष जात असेल, तर मुलाला 'टेन्शन घेऊ नको' सांगणारा समुपदेशक आधी वीज मंडळात नेमावा.

गंमत म्हणजे याच राज्याला दुसऱ्या संधीचं मोल कळत नाही असं नाही. दहावी-बारावीत गेलेले विषय तेवढेच परत देऊन पास होण्याची योजना मध्य प्रदेशाच्या ओपन स्कूलने २०१६ मध्ये काढली. तिचं नाव 'रुक जाना नहीं'. नाव सिनेमातल्या गाण्यावरून, आणि त्या १९७४ च्या सिनेमाचं नाव 'इम्तिहान'. सरकारी योजनेला इतकं नेमकं नाव पुन्हा कधी सुचलं नाही. कॉलेजात हेच काम एटीकेटी करते. नावात चार शब्दांचा कायदा असावा असं वाटतं, अर्थ एवढाच: राहिलंय, पण ये पुढे. आम्ही त्या एटीकेटीची अख्खी उमेदीची वर्षं थट्टा केली. आता वाटतं, भीतीवरचं तेवढंच एक सरकारी औषध बाजारात होतं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. तिने मधल्या मधे पोहे संपवले, जिरावण बोटाने पुसून चाटलं, आणि विचारलं, "म्हणजे मी काय करू?"

कामाचं बोल, असा त्याचा अर्थ. मग मी कामाचं बोललो. जुने पेपर काढ आणि घड्याळ लावून, टेबलावर बसून सोडव, गादीवर लोळत नको. वाचलेलं परत वाचण्यापेक्षा न बघता आठवलेलं जास्त टिकतं. केंद्राबाहेर दहा मिनिटं भीती कागदावर लिही आणि कागद माझ्या खिशात दे. आणि परीक्षा आहे हे यापुढे कोणालाही सांगू नकोस.

"आजीला सांगून झालंय."

"मग सगळ्या इंदूरला कळलंय. ते सोड."

पेपरच्या दिवशी स्कूटर खजराण्यावरून घेतली. गणपतीच्या मागच्या भिंतीवर शेंदराने काढलेले उलटे स्वस्तिक एकमेकांवर चढलेले. मागणं मागायचं, उलटा स्वस्तिक काढायचा, आणि काम झालं की परत येऊन सरळ काढायचा, अशी इथली रीत. भाचीने एका कोपऱ्यात, बाकीच्यांपेक्षा बराच लहान काढला. मग बोट रुमालाला पुसत म्हणाली, "मामा, आणि पास नाही झाले तर?"

"तर हा उलटाच राहील. पुढच्या वेळी पेपर दिलास की सरळ करू."

"पुढच्या वेळी हजार रुपये फी परत भरायची. गणपतीला विचार, त्याची काय फी आहे."

विचारलं. फी नाही, फॉर्म नाही, मुदत नाही. खजराण्याच्या भिंतीवर सात वर्षांनी खातं बंद होईल अशी पाटीही दिसली नाही.

केंद्राच्या फाटकावर तिने घडी घातलेला कागद माझ्या हातात कोंबला आणि आत गेली. उघडायचा नाही असं ठरलं होतं. मी उघडला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: मामा कागद वाचेल याची भीती वाटते.