जुन्यासारखंच हवं

पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांनी आधी चहा-क्रीमरोल मागवले आणि मग मागणी सांगितली. "सगळं सॉफ्टवेअर नवीन करा. फक्त दिसायला, चालायला आणि वागायला जुन्यासारखंच हवं." मी वहीत लिहून घेतलं. पुढे त्याचं दोनशे पानांचं बाड झालं, सह्या-शिक्के झाले, पण या वाक्यापलीकडे त्यात काही भर पडली असेल तर ती पानांच्या आकड्यांची.

जुनं म्हणजे 2006 सालचं. लिहिणारा मुलगा केव्हाच परदेशी गेला. हजारो ओळींच्या त्या पसाऱ्यात त्यानं माणसांसाठी म्हणून एकच ओळ लिहून ठेवली होती : 'हे काढू नये.' काय काढू नये, काढलं तर काय होईल, काही नाही. आम्ही दोन दिवस तिच्याभोवती प्रदक्षिणा घातल्या आणि शेवटी ती ओळ, तिच्याखालच्या अकरा ओळींसकट, नव्या घरी नेऊन बसवली. देव्हारा हलवावा तशी.

हे सगळं होतं मायक्रोसॉफ्टच्या वेब फॉर्म्समध्ये. 2002 साली डॉटनेटबरोबर ते आलं. व्हिज्युअल बेसिकवर वाढलेल्या माणसाला आपण वेबवर आहोत याचा पत्ताच लागू नये, ही त्यामागची माया. बटण ओढा, फॉर्मवर टाका, डबल क्लिक करा, कोड लिहा. आता वेबवरच्या पानाला स्वतःचं काही आठवत नाही, म्हणून त्याची स्मृती 'व्ह्यूस्टेट' नावाच्या गाठोड्यात बांधायची आणि दर क्लिकला सर्व्हरकडे न्यायची-आणायची. दोन दिवसांच्या लग्नाला गादी-उशीसकट निघणारे पाहुणे असतात ना, तसं. पुढे 2016 साली मायक्रोसॉफ्टनं डॉटनेट कोअर काढलं आणि त्यात या पाहुण्यांना खोलीच ठेवली नाही. म्हणजे करायचं होतं ते पुनर्लेखन. पण कोटेशनवर आम्ही 'अपग्रेड' असं लिहिलं, कारण पुनर्लेखन म्हटलं की गिऱ्हाईक चहासुद्धा परत मागतं.

2022 मध्ये काम हाती घेतलं तेव्हा डॉटनेट 6 निवडलं. दीर्घकालीन सपोर्टवालं. संगणकाच्या दुनियेत दीर्घकाल तीन वर्षांचा असतो, आणि तो आमच्या मुहूर्तापासून नव्हे, नोव्हेंबर 2021 पासून मोजायचा होता. आमच्या चाचण्या संपत आल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सपोर्टही संपला. तिकडे जुनं सॉफ्टवेअर मधल्या काळात कुणीतरी फ्रेमवर्क 4.8 वर आणून ठेवलं होतं, आणि त्याला खालचं विंडोज जिवंत आहे तोवर सपोर्ट. म्हणजे ज्याचं वय झालं म्हणून आम्हाला बोलावलं, ते खुटखुटीत. आणि बारसं व्हायच्या आत आमच्या बाळाला पेन्शन. हे चेअरमनसाहेबांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तेवढं आपल्यातच ठेवा.

पासबुक छापणारं ॲक्टिव्हएक्स फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचं. एक्सप्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झाला खरा, पण एज ब्राउझरमध्ये त्याच्या नावाचा एक मोड आहे आणि तो निदान 2029 पर्यंत ठेवू असा शब्द आहे. मुलाच्या फ्लॅटमध्ये म्हाताऱ्यांची खोली असते तशी. आमचं पासबुक तिथंच छापलं जातं.

खरा घाम काढला तो नावांनी. जुना डेटा युनिकोडमध्ये नव्हता, फॉन्टमध्ये होता : आत इंग्रजी अक्षरांचा चिवडा, वर मराठीचा मुखवटा. त्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमानं, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप व्हायची; युनिकोडला ती अक्षरानंतर लागते. रफाराचं बरोबर उलटं. रात्रीत डेटा फिरवला आणि सकाळी कविताची 'किवता' झाली, वर्षाची 'वषार्'. एका खातेदारबाईंनी पासबुक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि विचारलं, "ही किवता कोण? आणि माझे पैसे हिच्याकडे कसे?"

तेही निस्तरलं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी नवीन सॉफ्टवेअर लाइव्ह गेलं. नारळ फुटला. दुपारपर्यंत पिग्मीचा भरणा बरोबर दुप्पट. साहेब खूश : "नव्या सिस्टिमनं ठेवी वाढतात म्हणायच्या!"

मी काउंटरमागे जाऊन उभा राहिलो. पिग्मी एजंटनं नोटांचं पुडकं सरकवलं. कॅशियरबाईंनी रक्कम टाकली आणि 'जमा करा'वर बोट मारलं. टक-टक. दोनदा. दोन पावत्या.

"बाई, दोनदा का?"

"मग किती वेळा?"

जुन्या पानावर रकमेच्या चौकटीतून बाहेर पडलं की पान आपणहून सर्व्हरकडे पळायचं. बटणावरचं पहिलं क्लिक त्या पळापळीत गहाळ व्हायचं. लागू पडायचं ते दुसरं. अठरा वर्षं बाईंच्या बोटांनी हे पाठ केलेलं. आमच्या नव्या बटणाला पहिलं क्लिकही कळत होतं, हा त्याचा गुन्हा.

आमच्यातल्या एका तरुण मुलानं शास्त्रशुद्ध उपाय केला : एकदा दाबलं की बटण करडं पडून बंद. बाईंनी पहिलं टक केलं, दुसरं बोटाखाली लागेना. त्या स्क्रीनकडे पाहत राहिल्या. "दुसऱ्यांदा दबत नाही, म्हणजे जमा झालं नसणार," म्हणाल्या, मागे गेल्या आणि तीच पावती पहिल्यापासून भरली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. चहा होता, क्रीमरोल नव्हता. "मी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. मी वही उघडली नाही.

त्या रात्री पोरानं पहिलं क्लिक गिळून टाकणाऱ्या चार ओळी लिहिल्या. मंगळवारपासून हिशेब पैशापैशाला जुळतोय. परवा सहज तो कोड उघडला, तर त्या चार ओळींच्या डोक्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं : 'हे काढू नये.'